मतदार मत का देतो?

अमेरिकेच्या अध्यक्षाची निवड तेथील जनता प्रत्यक्ष करीत नाही, हे ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटते. तेथील मतदार आपापल्या राज्यातून निर्वाचक निवडून देतो. निर्वाचकांची एकूण संख्या ५३८. त्यांपैकी किमान २७० ज्याच्या बाजूस, तो अध्यक्ष. बहुतेक राज्यांत ज्यास अधिक मते, त्याच्याच पदरात राज्याचे सर्व निर्वाचक पडतात. त्यामुळे २००० आणि २०१६ साली देशभर कमी मते मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला. मताचे मोल मतदार कोणत्या राज्याच्या हद्दीत राहतो, यावर ठरते. ज्या राज्याचा कौल आधीच ठाऊक असतो, तेथेही लोक मतदानास जातात. ते कशासाठी?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी सातासमुद्रापलीकडे जावयास नको. बेळगाव-निपाणीच्या मतदाराने ते केव्हाच देऊन ठेवले आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, बेळगावकराने मुंबई राज्याच्या विधानसभेसाठी मत दिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. आणि १९५७ साली त्याच मतदाराने, त्याच घरातून निघून, म्हैसूर राज्याच्या विधानसभेसाठी मत दिले. माणूस जागचा हलला नव्हता. सीमा हलली होती. त्या निवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार सीमाभागातून निवडून आले. ज्या राज्याच्या सभागृहात बसावयाचे, त्या राज्यातून बाहेर पडण्याची मागणी मांडण्यासाठीच लोकांनी त्यांना तेथे धाडले होते. संख्याबळाच्या हिशेबाने हे मत वाया गेले, असे कोणी म्हणेल. पण मूठभर आमदारांच्या हाती सीमा बदलणे नाही, हे मतदारास कळत नव्हते असे थोडेच आहे? त्याने राज्यकर्ता निवडला नव्हता. त्याने साक्ष नोंदविली होती.

पुढे १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. निपाणी व खानापूर महाराष्ट्रास द्यावे, बेळगाव म्हैसूरकडेच राहावे, अशी शिफारस त्याने १९६७ साली केली. महाराष्ट्राने ती मान्य केली नाही, आणि तिची अंमलबजावणीही झाली नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

साक्ष देण्याची ही रीत १९९६ साली टोकास पोहोचली. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे म्हणून बेळगावच्या लोकसभा मतदारसंघात शेकडो अर्ज भरले गेले आणि एका जागेसाठी ४५६ उमेदवार उभे राहिले. त्याच वर्षी नलगोंड्यात ४८०, तर तामिळनाडूतील मोडाकुरिची या विधानसभा मतदारसंघात १०३३ उमेदवार होते. लोकसभेसाठी पाचशे रुपये असलेली अनामत रक्कम त्याच वर्षी कायद्याने दहा हजार झाली, आणि अपक्षास एकाऐवजी दहा सूचक आवश्यक ठरले. सीमा तसूभरही सरकली नाही. पण निवडणुकीचा कायदा बदलला.

तथापि या साक्षीची किंमतही मतदारालाच मोजावी लागते. एकाच प्रश्नावर मत दिले की पाणी, रस्ते, तंबाखूचा भाव यांवर बोलण्यासाठी त्याच्या हाती दुसरे मत उरत नाही. शिवाय शेजारचा कन्नड भाषिक हीच साक्ष उलट बाजूने देत असतो, आणि त्याचे मतही तितक्याच मोलाचे असते. २००८ साली समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. २०१३ साली दोघे आले. २०१८ व २०२३ साली पुन्हा कोणी नाही. एवढ्यावरून भाषेची ओढ आटली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्या मतदाराने आपल्या एकुलत्या एका मताचा दुसऱ्या कामी उपयोग केला, इतकेच त्यावरून सिद्ध होते.

जिंकण्याची आशा नसतानाही माणूस रांगेत उभा राहतो, तो आपली गणना व्हावी म्हणून. मोजणाऱ्याने ती सचोटीने केली, तर हरलेलाही पुढच्या निवडणुकीस पुन्हा येतो. लोकशाही टिकते ती या पुन्हा येणाऱ्याच्या बळावर.