अंबाझरी, 22-23 सप्टेंबर 2023

शुक्रवार, रात्र. नागपुरात घरोघरी महालक्ष्म्यांचे जेवण आटोपले आहे. पुरण, आंबील, सोळा भाज्या. दिवसभर राबलेली माणसे गाढ झोपली आहेत. बोळवण उद्या, शनिवारी.

अंबाझरी तलाव 1870 चा. सांडव्याला तेव्हा दरवाजे नव्हते, त्यामुळे मोठा पाऊस येणार म्हणून पातळी आधीच उतरवून ठेवण्याची सोय नव्हती. तलाव भरला की पाणी सांडव्यावरून नाग नदीत पडते. सांडव्यासमोर विवेकानंद स्मारक, त्यापुढे नदीचे आवळत गेलेले पात्र. काठच्या बाजूने अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी.

या वस्त्यांत निवृत्त माणसे पुष्कळ. मुले पुण्याला, नाहीतर परदेशात. गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून आईवडिलांची खाट खाली, तळमजल्यावर. एरवी यात शहाणपणच होते.

रात्री 2. पाऊस कोसळू लागतो. 4 वाजेपर्यंत, दोन तासांत, सुमारे 90 मिलिमीटर.

पहाट, अंधार. तलाव ओसंडतो. पाणी दाराच्या फटीतून आत येते, मग खिडकीतून. फ्रिज आडवे होतात, गाड्या वाहून भिंतींना अडकतात. धडधाकट माणूस गच्ची गाठतो. म्हाताऱ्या माणसाला आधी कोणीतरी उठवावे लागते, मग धरून न्यावे लागते. त्याला पंधरा मिनिटे आधी कळणे म्हणजे जीव वाचणे. तेवढीही पूर्वसूचना मिळाली नाही, ही रहिवाशांची तक्रार होती.

पहाटे 5.30. विमानतळावरची नोंद 106 मिलिमीटर.

सकाळ. एनडीआरएफ, एसडीआरएफच्या बोटी आणि लष्कराच्या तुकड्या उतरतात. मूकबधिर विद्यालयातली 40 मुले बाहेर काढली जातात, एलएडी कॉलेजच्या 50 विद्यार्थिनीही. मोरभवन स्थानकात बस पाण्यात उभ्या आहेत.

सत्तर वर्षांची एक स्त्री पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली होती. पाणी घरात चढले तेव्हा तिला उठता आले नाही. ऐंशीच्या आणखी एका आजींचाही मृत्यू झाला. रविवारपर्यंत मृतांची संख्या 4.

सुमारे 10,000 घरांत नुकसान. मदत घरामागे 10,000 रुपये, मृतांच्या वारसांना 4 लाख. रहिवासी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेले, आणि सांडव्यासमोरच्या स्मारकाच्या जागेचा प्रश्न तिथे पोहोचला. सांडव्याला दरवाजे बसवण्याचे काम त्यानंतर निघाले.