नळ्यांविना ऑर्गन : राइनबेर्गरच्या सोनाटांचे पुनर्वाचन

'ऑर्गन' म्हटले की मराठी रसिकाला संगीत नाटकातील साथीचे वाद्य आठवते. त्यात भात्याच्या हवेने धातूच्या सुरपट्ट्या कंप पावतात. युरोपातील चर्चचा ऑर्गन निराळा. त्यात शेकडो, कधी हजारो नळ्या असतात आणि प्रत्येक नळीला एकच स्वर. एकाच जातीच्या नळ्यांचा संच म्हणजे 'स्टॉप'. रीगा येथील कॅथेड्रलमध्ये वाल्कर यांनी १८८४ मध्ये उभारलेल्या ऑर्गनला असे १२४ स्टॉप आहेत. हे वाद्य वास्तूचाच एक भाग होऊन राहते. वादकालाच त्याच्यापाशी जावे लागते.

रोमँटिक कालखंडातील ऑर्गन-संगीताच्या विस्मरणाचे एक कारण आम्हांस येथेच दिसते. योझेफ राइनबेर्गर (१८३९–१९०१) याचेच पाहा. म्युनिकमध्ये अध्यापन करणाऱ्या या संगीतकाराने १८६८ ते १९०१ या काळात ऑर्गनसाठी वीस सोनाटा रचल्या. प्रत्येकीची स्वरपट्टी वेगळी. चोवीसही पट्ट्या पूर्ण करण्याचा संकल्प मृत्यूमुळे अपुरा राहिला. पुढे जर्मनीत बरोक ऑर्गनच्या पुनरुज्जीवनाची चळवळ उभी राहिली. फ्रायबुर्गमध्ये १९२१ साली सतराव्या शतकातील वर्णनाबरहुकूम नवा ऑर्गन बांधला गेला. या अभिरुचीला एकोणिसाव्या शतकाचा भरदार, मिसळलेला नाद बोजड वाटू लागला. अनेक वाद्यांतील स्टॉप बदलले गेले. संहिता छापील राहिली, पण ती ज्या आवाजात वाचायची तो आवाजच दुर्मीळ झाला.

या शतकाच्या आरंभापासून 'हाउप्टवेर्क'सारख्या संगणकप्रणालींनी एक वेगळी वाट खुली केली. येथे नाद कृत्रिमरीत्या घडवला जात नाही. एखाद्या ऐतिहासिक ऑर्गनची प्रत्येक नळी स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करतात. पट्टी सोडल्यावर वास्तूत विरत जाणारा निनादही टिपतात. वादक घरच्या पट्ट्या दाबतो आणि त्या त्या नळीचा मुद्रित स्वर उमटतो. फ्रान्समधील कां येथील सेंत-एत्येन चर्चचा काव्हाये-कोल यांनी १८८५ मध्ये बांधलेला ऑर्गन असा उपलब्ध आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला यातील एक गोष्ट विशेष मोलाची वाटावी. फ्रेंच रचनाकार स्टॉपांची नावे लिहून देतात. राइनबेर्गर मात्र बहुतेक ठिकाणी 'मोठ्याने', 'हळू' एवढ्याच खुणांवर थांबतो. मग 'मोठ्याने' म्हणजे काय? जर्मन वाद्यावर नाद थरावर थर चढत दाट होतो. कांच्या वाद्यावर जिव्हाळीच्या नळ्या धगधगून पुढे येतात. खूण एकच, अर्थ दोन. पूर्वी हा पाठभेद पडताळण्यासाठी देशांतर करावे लागे. आता तो एका खोलीत, एका दुपारी ऐकता येतो.

तथापि या लाभाची किंमत विसरता येत नाही. अनेक नळ्या एकदम वाजल्या की खऱ्या ऑर्गनची हवा किंचित लचकते. संगणकाला ते गणिताने घडवावे लागते. खऱ्या चर्चमध्ये वादक निनाद ऐकून आपली लय मंदावतो आणि श्रोत्यांनी भरलेले चर्च कोरडे वाजते, हेही तो जाणतो. मुद्रणातले चर्च मात्र सदैव रिकामेच असते. शिवाय ते वाद्याला एका ठरावीक काळात गोठवते; मूळ वाद्य पुढेही जुळवले जाते, दुरुस्त होते, वयाने बदलते.

१८ जुलै २०२० रोजी नान्तच्या कॅथेड्रलला आग लागली आणि तेथील मोठा ऑर्गन जळून गेला. अशा वेळी मुद्रित नाद उरला असता तरी त्यावरून वाद्य परत मिळाले नसते; ते कसे बोलत असे, एवढीच साक्ष उरली असती. आम्ही या नळ्यांविना ऑर्गनला हस्तलिखिताच्या छायाप्रतीचे स्थान देतो. छायाप्रतीमुळे वाचन सुरू होते, पाठभेद ध्यानात येतात. मूळ पोथी जपण्याची जबाबदारी मात्र तिने हलकी होत नाही. राइनबेर्गरच्या वीस सोनाटांना आज प्रथम वाचक हवे आहेत. ते लाभले, तर त्या सोनाटांना साजेसे ऑर्गन वाचवण्याची निकड त्यांनाच सर्वांआधी जाणवेल.