दिंडीची शंभर वर्षे आणि पोरांची जागा



शताब्दीच्या या पुस्तकात दिंडीचा मागचा इतिहास जाणत्या मंडळींनी लिहिलाच आहे. आमचं शिक्षण चौथीपर्यंत, जन्म गेला औत आणि वीणा सांभाळण्यात. तरी एक गोष्ट आमच्या हातून लिहून व्हावी असं वाटतं. ती म्हणजे गावातल्या तरुण पोरांसाठी एक हक्काची जागा, आणि ती उभी कशी करायची.

तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. आपली डाळजं, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, त्या वाटेच्या वरल्या अंगाला, पुणे-सोलापूर रस्त्याजवळ, उजनीच्या पाण्याकडं. उजनीचं पाणी आलं तेव्हा भीमाकाठची कितीतरी गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अजून दिसतं. घरं हलली, रानं गेली, पण वारी चुकली नाही. आता मात्र आम्हाला वारीचीच काळजी लागली आहे. वीणा म्हाताऱ्या हातात आहे आणि मागं उभं राहणारं पोरगं दिसत नाही.

एकदा एकादशीच्या कीर्तनात आम्ही पोरांवर बरंच तोंडसुख घेतलं. मोबाईल, ढाबा, रात्रीची मोटारसायकल, काही सोडलं नाही. कीर्तन झाल्यावर एक पोरगा पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, वारीत तुम्ही आमची वाट बघता. बाकीचे अकरा महिने आम्ही बसायचं कुठं?" आमच्याकडं उत्तर नव्हतं.

उत्तर नव्हतं, कारण त्यात आमचाच दोष होता. काही वर्षांपूर्वी पोरांसाठी खोली बांधायची म्हणून वर्गणी गोळा झाली होती. वही आमच्याकडं होती. कुणी रोख दिलं, कुणी ज्वारी दिली, कुणी वाळूची खेप टाकली. आम्ही काही लिहिलं, काही डोक्यात ठेवलं. जोतं झालं आणि हिशेबावरून बोलाचाली सुरू झाली. पैसा आम्ही खाल्ला नाही, पण दाखवायला कागदही नव्हता. काम थांबलं. त्या जोत्यावर आज बाभळी उगवल्या आहेत. देवळाकडं जाताना रोज दिसतं आणि मान खाली जाते.

आता जुन्या लोकांनी कसं केलं ते बघू. विष्णुबुवा जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. सरकारी मदत नाही, मोठा सावकार पाठीशी नाही. पोरं माधुकरी मागून आणायची, जेवायची आणि ज्ञानेश्वरी, गाथा शिकायची. महाराज 1920 साली गेले. संस्थेला अवघी तीन वर्षं झाली होती, तरी ती बंद पडली नाही. सोनोपंत दांडेकरांसारख्या शिष्यांनी ती पुढं चालवली. आज गावोगाव जे कीर्तनकार उभे राहतात, त्यात तिथं शिकलेले किती तरी आहेत.

दुसरे कर्मवीर भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्था 1919 ची. 1924 ला साताऱ्यात वसतिगृह काढलं, मोजक्या पोरांवर, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. घरोघर मूठ मूठ धान्य मागून पोरं जगवली. 1927 साली गांधीजी तिथं आले.

तिसरे गाडगेबाबा. लोकांच्या पैशातून पंढरीला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः हातात खापर घेऊन हिंडले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला पोरांसाठी देऊन टाकली.

या तिघांकडून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. आधी पोरं गोळा झाली, भिंती मागून आल्या. आम्ही आधी जोतं घातलं, तिथंच चुकलो. आणि दिलेली मूठ कुठं गेली हे देणाराला दिसलं, म्हणून त्यानं दुसऱ्यांदा मूठ दिली.

खरं बघितलं तर नियोजन आपल्याला नवं नाही. दिंडी म्हणजे चालतं गावच. भिशी किती, शिधा किती, ट्रक कुणाचा, टँकर कधी, तंबू कुणी ठोकायचा, हे आपण दरसाल ठरवतो आणि माणूस उपाशी झोपत नाही. तेच डोकं इथं लावायचं.

म्हणून दिंडीच्या बैठकीत आम्ही असं मांडलं आहे. उद्यापासून देवळाच्या ओवरीत संध्याकाळी पखवाज आणि हरिपाठ, आणि त्याच सतरंजीवर पोलीस भरतीचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. पोरींसाठी वेगळी वेळ, आणि समितीत दोन बायका असाव्यात. जागेचा ठराव ग्रामसभेत, सगळ्यांसमोर. धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी. बँकेत खातं, सह्या दोघांच्या, त्यातली एक तरुणाची. उसाचं बिल आलं की ज्याची त्याची ऐपत; ज्याला ऊस नाही त्यानं पायलीभर ज्वारी नाहीतर एक दिवसाचं श्रमदान, तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहायचं. दर एकादशीला जमाखर्च देवळाच्या फळ्यावर. आणि बांधकामाआधीच पुढच्या वीजबिलाची तजवीज, नाहीतर उद्घाटनानंतर कुलूप ठरलेलं.

कुणी म्हणालं, शताब्दीला कमान हवी, दिंडीचं नाव राहील. पूर्वी आम्हीही हेच म्हणालो असतो. पण कमानीखालून जायला माणूस पाहिजे.

वही या वेळी आमच्याकडं नको, असं आम्हीच सांगितलं. ज्या पोरानं आम्हाला विचारलं होतं, त्याच्या हातात ती दिली आहे. पहिली नोंद आमची आहे: जुन्या वर्गणीतलं जे आठवतं ते सगळं, नावासकट, आणि जे आठवत नाही त्याबद्दल आमच्या घरची एक खेप वीट.

जोत्यावरच्या बाभळी येत्या एकादशीला तोडायच्या आहेत. कुऱ्हाड घेऊन यावं.

राम कृष्ण हरी.