प्रकाशसक्रिय एंझाइम-निरोधन
अंधारात मंद वा निष्क्रिय असणारे संयुग विशिष्ट तरंगलांबीच्या प्रकाशाने सक्रिय करून त्याच्याकरवी एंझाइमाच्या कार्यास प्रतिबंध करण्याची पद्धती. ॲझोबेंझीन-वर्गीय संयुगांचा रेणू जंबुपार प्रकाशात सरळ ‘ट्रान्स’ रूपातून वाकलेल्या ‘सिस’ रूपात जातो व निळ्या प्रकाशाने किंवा अंधारात यथावकाश पूर्ववत होतो. या आकारभेदामुळे एंझाइमाच्या क्रियास्थानी एक रूप दुसऱ्याहून अधिक चपखल बसते आणि निरोधनाचा अंमल प्रकाशाच्या स्वाधीन होतो. कोलंबिया विद्यापीठातील बर्नार्ड अर्लँगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये कायमोट्रिप्सिन या पाचक एंझाइमावर याचा महत्त्वाचा आद्य दाखला दिला. जंबुपार किरण ऊतकांत खोलवर शिरत नाहीत, ही औषधोपयोगातील मोठी अडचण होय. म्हणून तांबड्या प्रकाशास प्रतिसाद देणाऱ्या संयुगांचा शोध विशेष मोलाचा ठरतो.

प्रकाशाने सक्रिय होणाऱ्या संयुगांच्या संदर्भात बावची या औषधी वनस्पतीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कोडावर बावचीचे बी लावून ऊन देण्याचा आयुर्वेदीय उपचार प्राचीन असून त्यातील सोरॅलेन जंबुपार किरणांनीच सक्रिय होते. तथापि ते मुख्यतः डीएनएच्या दोन धाग्यांना परस्परांशी जखडते, सबब त्याची गणना एंझाइम-निरोधकांत करणे सयुक्तिक नव्हे. मात्रा वा ऊन अधिक झाल्यास त्वचा भाजून फोड येतात, म्हणून हा उपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा.