डोळ्यांचा दोष की दिव्यांचा?

बऱ्याच ग्रामसंघांच्या कार्यालयात आता कॉम्प्युटर आला आहे. गटांचे हिशेब भरता भरता संध्याकाळी डोळे चुरचुरतात, डोकं ठणकतं. घरी सांगितलं की उत्तर ठरलेलं, "चष्मा लागला असेल." लागलाही असेल. पण आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट दिव्याची आहे, आणि ती सुरू होते अमेरिकेत.

तिथे १९३८ साली ट्यूबलाइट बाजारात आली. कमी विजेत भरपूर उजेड, म्हणून कचेऱ्यांच्या छतावर ट्यूबच्या रांगाच्या रांगा लागल्या. १९६० च्या सुमारास तिथल्या कार्यालयांना १००० लक्सच्या आसपास उजेड ठेवायला सांगत. लक्स हे उजेडाचं माप. आपल्या घरात रात्री एका बल्बखाली १०० लक्स मिळाला तरी पुष्कळ! एवढा उजेड हवा होता तो कागदासाठी. कागद टेबलावर आडवा असतो, वरून उजेड पडला की अक्षर ठळक दिसतं.

१९७० नंतर बँका, विमा कंपन्या, वर्तमानपत्रं यांच्या कचेऱ्यांत कॉम्प्युटरचे पडदे आले. जाड, फुगीर काच, काळ्यावर हिरवी अक्षरं. पडदा मात्र उभा. समोर बसलेल्या बाईला अक्षरांवरच छतावरच्या ट्यूब चमकताना दिसायच्या. दिवसभर आकडे भरण्याचं हे काम बहुतेक ठिकाणी बायकांकडेच होतं. यंत्रं नवी आली, दिवे जुनेच राहिले.

बॉस्टन शहरात कारकून बायकांनी १९७३ साली 'नाइन टू फाइव्ह' नावाची संघटना काढली होती. (त्याच नावाचा सिनेमाही पुढे १९८० साली आला.) पगार आणि बढती हे त्यांचे मूळ प्रश्न. पुढे पडद्यासमोरच्या कामाने होणारा त्रासही त्यांनी लावून धरला. आम्हाला यात मोठी वाटते ती एकच गोष्ट: एकटी बाई बोलली तर ती कुरकुर ठरते, दहाजणी बोलल्या की दिव्याकडे बघावं लागतं.

१९८९ साली इंग्लंडमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या चोकवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आपल्याला ते दिसत नाही, पण त्रास होतो. कार्यालयात तो चोक बदलून इलेक्ट्रॉनिक चोक लावला, तर डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. १९९० साली युरोपात नियमच झाला: पडद्यावर चकाकी नको, खिडकीला पडदा हवा, कामगारांचे डोळे तपासायला हवेत.

आता आपलं कार्यालय. कॉम्प्युटरच्या कामाला ३०० ते ५०० लक्स पुरतात. फार झगझगीत दिवे लावण्यापेक्षा वहीवर पडेल असा छोटा टेबललॅम्प वेगळा ठेवा. खिडकी पाठीशी नको, समोरही नको. ती डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असं टेबल फिरवा. याला पैसा लागत नाही. स्वस्तातला एलईडी बल्बही कधी कधी लुकलुकतो. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरा. पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब व्हरांड्यात लावा, टेबलावर नको.

आणि चकाकी शोधायची तर कॉम्प्युटर बंद करून नेहमीच्या खुर्चीत बसा. काळ्या पडद्यात जो दिवा, जी खिडकी दिसेल, तिथूनच त्रास येतो. बघायचं ते पडदा बंद असतानाच. चालू केला की अक्षरांच्या मागे ते लपतं.