बारा चौरस फुटांचा कायदा

वसाहतकालीन कायद्यांचा विचार बहुधा त्यांच्या उद्दिष्टांवरून केला जातो. एखाद्या कायद्याने काय मोजले आणि त्याच्या मापात काय बसू शकले नाही, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला जातो. ब्रिटिश संसदेने १८५५ मध्ये संमत केलेला ‘चिनी उतारू कायदा’ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा दस्तऐवज होय. माणसाला किती जागा द्यावी हे त्याने नेमकेपणाने ठरविले. तो माणूस स्वेच्छेने निघाला आहे काय, हेही त्याने विचारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोजपट्टीने मिळत होते. दुसऱ्याचे मिळत नव्हते.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने रद्द झाली आणि ऊसमळ्यांना नवे मजूर हवे झाले. १८३४ पासून भारतीय गिरमिटिये मॉरिशसला जाऊ लागले. पुढे १८४२ च्या नानकिंग तहाने चीनची पाच बंदरे परकीय व्यापाराला खुली झाली आणि मळेवाल्यांची दृष्टी तिकडे वळली. प्रजेने देश सोडणे छिंग राजवटीच्या कायद्यात गुन्हा होता. तथापि किनाऱ्यावर त्या कायद्याचा धाक उरला नव्हता. १८४७ मध्ये अमॉयहून निघालेले ‘ओकेंदो’ हे जहाज सुमारे दोनशे चिनी मजूर घेऊन हवानाला पोहोचले. क्युबात तेव्हा गुलामगिरी कायम होती. आठ वर्षांचा करार केलेला चिनी मजूर तेथे गुलामांच्या शेजारीच ऊस तोडू लागला. १८४९ पासून पेरूकडेही असाच ओघ सुरू झाला.

हा व्यापार दलालांच्या हाती होता. कर्जबाजारी जुगारी, कामाच्या शोधात आलेले शेतकरी, गावागावांतील संघर्षांत पकडलेले कैदी अशा कोणालाही फसवून वा बळाने बंदरावरील कोठारांत आणले जाई. लोकभाषेत या मजुरांना ‘डुकराची पिल्ले’ म्हणत. १८५२ च्या वसंतात अमॉयहून निघालेल्या ‘रॉबर्ट बाऊन’ या अमेरिकन जहाजावर कप्तानाने स्वच्छतेच्या नावाखाली उतारूंच्या वेण्या कापविल्या. वेणी हे छिंग सत्तेशी असलेल्या निष्ठेचे चिन्ह होते. ती गमावलेला माणूस मायदेशी बंडखोर ठरे. उतारूंनी उठाव केला आणि त्यात कप्तान मारला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमॉय शहरात दलालांविरुद्ध दंगल उसळली व ब्रिटिश शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या. संसदेला या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे आता शक्य नव्हते.

१८५५ चा कायदा या पार्श्वभूमीवर आला. हाँगकाँगहून सुटणारे कोणतेही जहाज आणि चिनी बंदरांतून सुटणारे ब्रिटिश जहाज वीसहून अधिक आशियाई उतारू घेऊन सात दिवसांपेक्षा लांबच्या सफरीवर निघाले, की त्याला हा कायदा लागू होई. प्रत्येक प्रौढामागे बारा चौरस फूट आणि बहात्तर घनफूट जागा मोकळी ठेवणे बंधनकारक होते. एक ते बारा वर्षे वयाची दोन मुले मिळून एक प्रौढ धरला जाई. बारा चौरस फूट म्हणजे सहा फूट लांब व दोन फूट रुंद, निजलेल्या माणसापुरती जागा. हवानापर्यंतच्या चार-चार महिन्यांच्या प्रवासात तेवढीच त्याची हक्काची जागा होती. जहाज सुस्थितीत आहे, हवा खेळती आहे, अन्नपाणी पुरेसे आहे असा दाखला स्थलांतर अधिकाऱ्याने द्यावयाचा होता. आपण कोठे जात आहोत व आपला करार काय आहे हे उतारूंना समजले आहे, याचीही खात्री त्यानेच करावयाची होती.

हे शेवटचे कलम भारतीय वाचकाला अपरिचित वाटणार नाही. करार करणाऱ्या मजुराने अधिकाऱ्यासमोर उभे राहून अटी समजून घ्याव्यात, ही तरतूद १८३७ च्या भारतातील कायद्यात आधीच आली होती. १८४२ मध्ये मॉरिशसचे स्थलांतर पुन्हा खुले झाले, तेव्हा कलकत्ता व मद्रासबरोबर मुंबई बंदराचाही त्यात समावेश होता.

तथापि कायद्याची सत्ता ध्वज आणि बंदर यांच्यापुढे जात नव्हती. ऑक्टोबर १८५५ मध्ये पेरूकडे निघालेल्या ‘वेव्हर्ली’ या अमेरिकन जहाजावर मनिला येथे उतारूंना तळघरात कोंडून झडपा बंद करण्यात आल्या. अडीचशेच्या आसपास माणसे गुदमरून मेली. या जहाजाला ब्रिटिश कायदा लागूच नव्हता. हाँगकाँगवर नजर आहे हे ध्यानी येताच क्युबा व पेरूचा व्यापार शेजारच्या पोर्तुगीज मकावात एकवटला. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या गव्हर्नरच्या अधिकारात होता. या व्यापाराची भरभराट झाली ती त्यानंतर. ऑक्टोबर १८५९ मध्ये मकावहून हवानाकडे निघालेले ‘फ्लोरा टेंपल’ खडकावर आदळले, तेव्हा खलाशी होड्यांतून निघून गेले आणि सुमारे साडेआठशे चिनी उतारू बुडाले.

मापाची दुसरी बाजूही त्याच वर्षी प्रकट झाली. सोन्याच्या शोधात जाणारे बरेचसे चिनी आपले भाडे स्वतः वा उसनवारीने भरणारे होते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीने १८५५ मध्येच नियम केला: जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी उतारू आणि प्रत्येकामागे दहा पौंड कर. परिणामी हजारो चिनी शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरले व तेथून शेकडो मैल पायी चालत सोन्याच्या खाणींकडे गेले. एका कायद्याने उतारूचा जीव राखण्यासाठी जहाज मोजले, तर दुसऱ्याने उतारूला दूर ठेवण्यासाठी.

संमतीचा प्रश्न मात्र मोजमापाने सुटणारा नव्हता. करार वाचून दाखविण्याचा आणि होकार नोंदविण्याचा विधी मकावातही पार पडत असे. कोठारात मार खाल्लेला, दलालाच्या धाकाने बोलणारा माणूस अधिकाऱ्यासमोर ‘होय’ म्हणे आणि कागद पुरा होई. १८५९ मध्ये कँटन येथे अधिकाऱ्यांनी खुली भरतीकेंद्रे सुरू केली. तेथे आलेल्या माणसाला परत जाण्याची मुभा होती. होकाराला अर्थ येतो तो नकाराची वाट खुली असल्यामुळे, हे या प्रयोगाने सूचित केले. १८६० च्या पेकिंग करारानंतर चिनी प्रजेला परदेशी जाण्याची अधिकृत मोकळीक मिळाली. मकावातील कोठारे मात्र बंद झाली नाहीत.

पुढे हा प्रश्न न्यायालयांत आला. १८७० मध्ये ‘नूव्हेल पेनेलोप’ या फ्रेंच जहाजावरील उठावात सहभागी असलेल्या क्वॉक आ-सिंगला हाँगकाँगचे मुख्य न्यायाधीश जॉन स्मेल यांनी १८७१ मध्ये मुक्त केले. बळाने नेल्या जाणाऱ्या माणसाला स्वातंत्र्य परत मिळविण्याचा अधिकार आहे, अशी त्यांची भूमिका होती. १८७२ मध्ये ‘मारिया लुझ’ या पेरूच्या जहाजावरील एका मजुराने योकोहामा बंदरात पाण्यात उडी घेतली आणि तो पोहत एका ब्रिटिश युद्धनौकेपर्यंत गेला. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यानंतर जपानने जहाजावरील सर्व चिनी मजुरांची मुक्तता केली.

१८७४ मध्ये चेन लानबिन यांच्या नेतृत्वाखाली चिनी सरकारचे चौकशी मंडळ क्युबाला गेले. मंडळाने ११७६ जबान्या नोंदविल्या आणि १६६५ जणांच्या सह्यांचे ८५ अर्ज स्वीकारले. दहांपैकी आठ-नऊ जणांना इच्छेविरुद्ध आणले गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता. मकावातील व्यापार त्याच वर्षी बंद झाला. तोवर क्युबासाठी सुमारे १ लाख ४१ हजार चिनी जहाजांवर चढले होते. त्यांतील सुमारे १ लाख २५ हजार किनाऱ्याला लागले. उरलेल्यांची कबर समुद्रातच झाली.

या जबान्यांचे वाङ्मयीन मोलही दुर्लक्षिता येत नाही. कायद्याच्या भाषेत उतारू हा चौरस फुटांचा धनी होता. जबानीत तो नाव, गाव आणि फसवणुकीची हकीकत असलेला माणूस होतो. करार समजला काय, हा प्रश्न १८५५ च्या कायद्याने निघण्यापूर्वी एकदाच विचारला होता. एकोणीस वर्षांनी क्युबाच्या मळ्यांवर तो पुन्हा विचारला गेला, तेव्हा विचारणारे त्यांच्याच भाषेचे होते. मिळालेली उत्तरे बंदरातील नोंदवह्यांशी जुळली नाहीत.