अर्जाविना मिळालेले नागरिकत्व

१८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी साताऱ्याचे राज्य खालसा केले. सांगली, मिरज, जत, फलटण, औंध ही संस्थाने मात्र टिकली. त्यामुळे पुढची शंभर वर्षे एकच बोली बोलणारी, एकमेकांत सोयरिकी करणारी माणसे कायद्याच्या लेखी दोन जातींची राहिली. तासगावचा शेतकरी ब्रिटिश प्रजाजन. शेजारच्या कुंडलचा शेतकरी औंधच्या पंतप्रतिनिधींची रयत, म्हणजे परदेशी निघालाच तर नुसता ‘ब्रिटिश संरक्षित’. ही हद्द कागदापुरतीच होती असेही नाही. बेचाळीसच्या चळवळीनंतर इंग्रजांविरुद्ध समांतर कारभार चालवणाऱ्या प्रतिसरकारच्या भूमिगतांना औंधच्या मुलखात आसरा मिळाला, त्यात या हद्दीचा वाटा होताच.

१५ ऑगस्ट १९४७ ला राज्य बदलले, पण भारताचा नागरिक कोण हे सांगणारा कायदाच नव्हता. नकाशा मात्र थांबला नाही. ८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि १ ऑगस्ट १९४९ ला ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निघाला, जो १९६० मध्ये सांगली झाला. म्हणजे जिल्हा आधी ठरला, नागरिक नंतर. मधल्या काळात १ जानेवारी १९४९ पासून लागू झालेल्या ब्रिटिश कायद्याने ‘नागरिकत्व नसलेले ब्रिटिश प्रजाजन’ अशी एक तात्पुरती कोटी काढली. तीत खालसा मुलखात जन्मलेला बसे, संस्थानात जन्मलेला तिच्याबाहेर. घटना समितीत ऑगस्ट १९४९ मध्ये ही कलमे आली, तेव्हा मसुदा समितीला इतकी डोकेदुखी क्वचितच दुसऱ्या कलमाने दिली असेल, असे डॉ. आंबेडकरांनी सांगितले. या मसुद्याने भारताचे नागरिकत्व फारच स्वस्त होईल, हा आक्षेप आपल्या विदर्भातल्या पंजाबराव देशमुखांचा. शेवटी पाचव्या कलमाने वास्तव्य आणि जन्म एवढेच पाहिले, आणि तासगाव-कुंडल एका ओळीत आले.

यावर कोणी म्हणेल, ही अनिश्चितता वकिलांची. आटपाडी-कराडच्या माणसाला तिची झळ कुठे लागली? लागली नाही, हे कबूल. सातबाऱ्याला वा रेशनला नागरिकत्वाचा दाखला लागत नव्हता. पण झळ लागली नाही ती थांबणे थोडे होते म्हणून नव्हे. थांबले तर तेही सव्वादोन वर्षे. त्यांना अर्ज करायचा नव्हता, हे खरे कारण. सिद्ध करण्याचे ओझे आपल्या अंगावर नसले की वर्षे मोजावी लागत नाहीत. याचा पडताळा मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरच्या वळिवड्याला मिळतो. तिथल्या बराकींत १९४३ पासून पोलंडचे सुमारे ५,००० निर्वासित राहत. याल्टा करारानंतर त्यांच्यातल्या बहुतेकांची गावेच सोव्हिएत संघाकडे गेली, आणि आपण आता कोणत्या देशाचे हा प्रश्न घेऊनच ते पांगले. त्यांच्यामागे तिथे सिंधी निर्वासित आले. तेच आजचे गांधीनगर.

या सिंध्यांसाठी घटनेचे सहावे कलम होते. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेला इथेच राहत असेल तर अर्जाविना नागरिक. त्यानंतर आलेल्याने आधी सहा महिने इथे राहायचे, मग नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि नोंदणी २६ जानेवारी १९५० च्या आत व्हायची. ही कलमे २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू केली होती, म्हणजे नोंदणीला हातात जेमतेम दोन महिने. त्या जुलैत पाकिस्तानातून येण्यासाठी परवाना पद्धत सुरू झाली; त्यानंतर आलेल्यांची चौकशी सरकारने करू नये काय, असे विचारता येईल. चौकशी जरूर करावी. सीमा नवी होती, लोक दोन्हीकडे जात-येत होते. पण चौकशी माणसाची हवी, तारखेची नव्हे. कराचीची बोट कधी मिळावी हे घर सोडणाऱ्याच्या हाती नव्हते. एकाच घरातला थोरला भाऊ जूनमध्ये आणि धाकटा ऑगस्टमध्ये पोचला, तर कायद्याने एक घरचा आणि दुसरा उमेदवार ठरे. जो जुलै १९४९ नंतर आला, त्याचे सहा महिने मुदतीत भरणेच शक्य नव्हते. त्याला नोंदणीचा रस्ता मोकळा झाला तो नागरिकत्व कायद्याने, ३० डिसेंबर १९५५ ला.